अंदाजे चारशे

माझ्या थोरल्या नणंदेला, म्हणजे आमच्या वन्संना, हॉस्पिटलात सगळे 'तराजू' म्हणायचे. नुकतं जन्मलेलं मूल दोन्ही तळहातांवर घेतलं की त्या वजन सांगून मोकळ्या व्हायच्या, "दोन आठशे." मग काट्यावर ठेवलं की दोन सातशे ऐंशी भरायचं, नाहीतर दोन आठशे वीस. नवीन आलेले डॉक्टर त्यांच्याशी चहाची पैज लावायचे आणि गुमान चहा पाजायचे. घरीही तेच. पिठात पाणी किती, शिवणाऱ्या बाईकडे कापड किती न्यायचं, कपाट दारातून आत जाईल की नाही, सगळं नजरेनं. माझा नवरा, त्यांचा धाकटा भाऊ, म्हणायचा, "देवानं आमच्या ताईच्या डोळ्यातच मापटं बसवून पाठवलंय. तिला बघायला आलेल्या मुलांनाही तिनं असंच नजरेनं मोजलं, आणि सगळे कमी भरले!" वन्सं हसायच्या. लग्न जमलं नाही म्हणण्यापेक्षा जमवायला त्यांना सवडच झाली नाही, हे खरं. कागदोपत्री त्या प्रसूतीसेविका, पेशंटच्या तोंडी सिस्टर आणि माझ्या सासूबाईंच्या तोंडी अखेरपर्यंत सुईण. सत्तावीस वर्षं एकाच वॉर्डात काढली. मी घरात सून म्हणून आले तेव्हापासून त्या आमच्यातच राहतात, मागच्या खोलीत.

वन्संच्या वॉर्डात एक बाळंतीण दगावली तो एक साधा कामाचा दिवस होता. बालवाडीत शिकवणारी, तिशीची, दुसऱ्या खेपेची. दुपारी दोनच्या सुमाराला बाळंत झाली. मुलगी झाली, रडली, सगळं व्यवस्थित. त्यानंतर रक्त जात राहिलं, पण धो धो नाही, बारीक धार धरून. वन्संनी ओटीपोट चोळलं, इंजेक्शन दिलं, खालची चादर बदलली. थोड्या वेळानं पुन्हा बदलली. डॉक्टर शेजारी ऑपरेशनमध्ये अडकलेले. त्यांनी दारातूनच विचारलं, "किती गेलंय?" वन्सं म्हणाल्या, "चारशे." डॉक्टर म्हणाले, "मग लक्ष ठेवा, मी आटोपतो." वन्संनी केसपेपरवर लिहिलं, 'अंदाजे ४००'. चाळीस मिनिटांनी त्या बाईचा रक्तदाब कोसळला. मग पळापळ झाली, रक्ताच्या बाटल्या मागवल्या, त्या आल्याही. पण संध्याकाळी सहाच्या आत सगळं संपलं होतं.

चौकशी झाली. कागद तपासले. औषध वेळेवर, नोंदी वेळेवर, चारशे म्हणजे पाचशे मिलिलिटरच्या धोक्याच्या रेघेच्या आत. निष्कर्ष निघाला की प्रकृती अचानक खालावली, कोणाचा दोष नाही. घरच्यांनाही तेच कळवलं गेलं.

वन्सं त्या दिवशी नेहमीच्या वेळेला घरी आल्या, पाय धुतले आणि मला म्हणाल्या, "आज एक गेली." ताट वाढलं तर जेवल्या. रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या, तिसऱ्याही. मला वाटलं, सत्तावीस वर्षांत मन घट्ट झालं असेल. मग हळूहळू दिसायला लागलं. एकदा मी भाजीत मीठ घालायला विसरले. नवऱ्यानं पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं आणि वन्सं अर्ध्याहून जास्त वाटी संपवून बसल्या होत्या. "वन्सं, मीठ नाहीये हो त्यात," मी म्हटलं. "हो का," म्हणाल्या, आणि उरलेलीही तशीच खाल्ली. टीव्ही लावून बसायच्या, पण मध्येच चॅनल बदललं तरी त्यांना कळायचं नाही. नवऱ्यानं मुद्दाम एकदोन जुन्या चेष्टा काढून बघितल्या. त्या ऐकून घ्यायच्या, बस. वॉर्डात त्यांनी मुलांची वजनं सांगणंही बंद केलं होतं, हे मला नंतर कळलं. मूल सरळ काट्यावर ठेवायचं, आकडा लिहायचा. कोणी "सांगा ना ताई" म्हटलं की म्हणायच्या, "काटा आहे की."

असे आठ महिने गेले.

दाईपणाच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी ठरावीक तासांचं प्रशिक्षण घेतल्याचा पुरावा लागतो. एरवी वन्सं या प्रकाराची टर उडवायच्या. "पोरं बाहेर यायची वाट बदलली नाही अजून, आणि ह्यांचे अभ्यासक्रम बदलतात." त्यामुळे त्यांचे तास कायम शेवटच्या घटकेला भरायचे. या वेळी बारा तास कमी पडत होते. शेवटची तारीख महिन्यावर आली तसं मेट्रनबाईंनी त्यांचं नाव परस्पर दोन दिवसांच्या वर्गाला घातलं. मेट्रन आणि वन्सं एकाच बॅचच्या, एका खोलीत राहून शिकलेल्या. त्या दोघी एकमेकींना अजून अगंतुगं करतात. "नाव घातलंय तुझं, जा," मेट्रन म्हणाल्या. वन्सं म्हणाल्या, "बरं." टर नाही, कुरकुर नाही. मेट्रनना तेव्हाच चमत्कारिक वाटलं होतं, असं त्या पुढे मला म्हणाल्या.

वर्ग नर्सिंग शाळेच्या सभागृहात होता. सोळा जणी. शिकवायला कोण, तर वन्संच्याच हाताखाली दहा वर्षांपूर्वी शिकलेली एक मुलगी. तेव्हा जाड चष्मा लावून भेदरलेली असायची म्हणून वन्संनीच तिचं नाव 'चष्मेवाली' ठेवलं होतं. आता ती प्रशिक्षक झाली होती. तिनं आल्या आल्या वन्संना वाकून नमस्कार केला आणि सगळ्यांना सांगितलं, "मी कळा ओळखायला शिकले ती ताईंच्या हाताखाली." बायकांनी टाळ्या वाजवल्या. वन्सं मागच्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

पहिल्या दिवशी रबरी बाहुल्यांवर सराव झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवालीनं सभागृहात सहा टेबलं मांडली. एकावर भिजलेले पॅड, एकावर ट्रे, एकावर बादली, खाली फरशीवर एक थारोळं. रक्त अर्थातच खोटं. लाल रंग घालून घट्ट केलेलं पाणी. चौथ्या टेबलावर दोन चादरी होत्या, एक पूर्ण भिजलेली, एक मधोमध, दोन्ही घड्या घालून ठेवलेल्या. प्रत्येकीला एक चिठ्ठी दिली. फिरत फिरत बघायचं आणि किती मिलिलिटर ते लिहायचं. कोणी कोणाशी बोलायचं नाही.

सगळ्या जणी फिरल्या. चिठ्ठ्या गोळा झाल्या. मग चष्मेवालीनं एकेका टेबलाचा खरा आकडा फळ्यावर लिहिला. चौथ्या टेबलासमोर तिनं लिहिलं, १०५०. सभागृहात हशा पिकला. कोणी साडेतीनशे लिहिलं होतं, कोणी पाचशे, एकीनं दोनशे. चष्मेवाली म्हणाली, "हसू नका. माझाही अंदाज असाच चुकला होता. थोडं असलं की डोळा बरोबर सांगतो, जास्त झालं की निम्म्यावर आणतो. अनुभवानं फरक पडत नाही. पंचवीस वर्षांची असो की दोन वर्षांची, डोळा सगळ्यांचा खोटं बोलतो. म्हणून मोजायचं. कोरड्या चादरीचं वजन माहीत असतं. भिजलेली काट्यावर ठेवा, कोरडीचं वजा करा. जितके ग्रॅम, जवळपास तितकं रक्त. एवढंच. याला अक्कल लागत नाही, काटा लागतो."

वन्संच्या चिठ्ठीवर चौथ्या टेबलासमोर ४०० होतं.

चष्मेवाली मला नंतर म्हणाली, "मी चिठ्ठ्या वाचत होते तेव्हा ताई उठून त्या टेबलापाशी गेल्या. मला वाटलं, पटलं नसेल, तपासून बघतायत. त्यांनी दोन्ही चादरी उचलल्या, हातात धरल्या, परत ठेवल्या. हात पुसले आणि जागेवर जाऊन बसल्या. संध्याकाळी प्रमाणपत्र घेताना विचारलं, 'या घड्या कोणी घातल्या?' मी म्हटलं, मीच. तर म्हणाल्या, 'आम्ही पण अशाच घालतो.'"

ही सगळी हकिगत मला पुढे कळली. त्या दिवशी वन्सं घरी आल्या, प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं आणि जेवल्या.

नोंदणीचा अर्ज संगणकावर भरायचा असतो. मी वाचनालयात कामाला आहे, दिवसभर टंकलेखन करते, म्हणून ते काम माझ्याकडेच असतं. रविवारी सकाळी आम्ही दोघी बसलो. नाव, क्रमांक, तास सगळं भरलं. शेवटी एक मोठा रकाना होता: 'या प्रशिक्षणातून आपण काय शिकलात व त्याचा आपल्या कामाशी काय संबंध आहे, ते थोडक्यात लिहा.' मागच्या खेपेला मी माझ्याच मनानं लिहिलं होतं, 'ज्ञानात मोलाची भर पडली.' चाललं होतं.

मी म्हटलं, "मागचंच टाकू?"

"नको. मी सांगते, तू लिही."

त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. आवाज अगदी सपाट, दुधाचा हिशेब सांगावा तसा. तारीख. वेळ. 'या दिवशी एका बाळंतिणीचा रक्तस्राव मी नजरेनं चारशे लिहिला. मी दोन चादरी बदलल्या होत्या. प्रशिक्षणात तशाच दोन चादरींत हजाराच्या वर निघालं. माझा आकडा चुकीचा होता. त्या आकड्यामुळे डॉक्टर आले नाहीत आणि रक्त उशिरा मागवलं गेलं. बाई गेली. चौकशीत अचानक असं लिहिलं आहे. ते अचानक नव्हतं.'

माझे हात थांबले. "वन्सं, हे असं लिहायचं असतं का इथे?"

"काय शिकलात म्हणून विचारलंय ना? हेच शिकले."

"पण नोकरीवर येईल. दोन-तीन वर्षं राहिलीत तुमची."

"तुला टाइप करायचं नसेल तर मी करते. एका बोटानं करीन, वेळ लागेल एवढंच."

मी केलं. 'सादर करा' हे बटण त्यांनी स्वतः दाबलं. मग विचारलं, "चहा टाकू का?" आणि उठून गेल्या.

पंधरा दिवसांत नोंदणी मंडळाकडून हॉस्पिटलला विचारणा झाली आणि मेट्रन आमच्या घरी हजर झाल्या. मी आतल्या खोलीत होते, पण आमची भिंत काही फार जाड नाही.

"अगं, तुला वेड लागलंय का? मिटलेलं प्रकरण. कोणी बोट दाखवलं नाही, तू स्वतःच आपल्या पायावर धोंडा मारून घेतेस?"

"धोंडा आधीच पडलाय. कोणावर पडला ते मी सांगितलं."

"आणि आम्ही? मी सही केलीये त्या अहवालावर!"

"तुला चारशे सांगितलं, तू चारशेवर सही केलीस. तुझं काय चुकलं?"

"मागे घे म्हणते मी. लिही की मनःस्थिती ठीक नव्हती."

"मनःस्थिती ठीक नव्हतीच," वन्सं म्हणाल्या, "पण चादरी दोन होत्या."

मग मला नाक ओढल्याचा आवाज आला. रडत होत्या त्या मेट्रन, वन्सं नाही.

नोंदणी मंडळानं वन्संना बोलावलं. तिघे जण होते, दोन बाया आणि एक वयस्क डॉक्टर. एकीनं विचारलं, "नाडी वाढत गेलेली दिसतेय कागदावर. तेव्हा शंका आली नाही?" वन्संनी सांगितलं, "आली होती. पण आकडा चारशे होता. माझा आकडा कधी चुकला नव्हता, म्हणून मी नाडीवर नाही, आकड्यावर विश्वास ठेवला." त्या डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला म्हणे. निकाल लागला तो असा: चूक एकटीची नाही, हॉस्पिटलनं मोजायची सोयच केलेली नव्हती, ती ताबडतोब करावी. जुना अहवाल दुरुस्त करावा. वन्संनी तीन महिने दुसरीच्या देखरेखीखाली काम करावं, मग नोंदणी पुढे चालू. देखरेखीला चष्मेवालीला नेमलं. सत्तावीस वर्षांच्या बाईनं तीन महिने आपल्या विद्यार्थिनीकडून प्रत्येक कागदावर सही घेतली. वॉर्डातल्या दोघीतिघींनी बोलणं टाकलं. त्या दिवशी ऑपरेशनमध्ये अडकलेले डॉक्टर एकदा औषधांच्या कपाटापाशी येऊन म्हणाले, "मी दारातून विचारायला नको होतं. आत यायला हवं होतं." वन्सं "हं" म्हणाल्या आणि कपाटाला कुलूप लावलं.

हॉस्पिटल त्या बाईच्या घरी पत्र पाठवणार होतं. वन्सं म्हणाल्या, पत्राआधी मी जाते. मी सोबत गेले. कोणीतरी जायला हवं होतं.

दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. दारात लहान मुलीचे सँडल. तिचा नवरा कामावर गेलेला, मोठी मुलगी शाळेत. बाळंतपणात गेलेल्या त्या बाईची आई दोन्ही नाती सांभाळायला तिथे येऊन राहिली होती. धाकटी वर्षाची होत आली होती, पलंगाची कड धरून उभी राहत होती. आजीनं वन्संना लगेच ओळखलं. "सिस्टर ना तुम्ही? बसा."

वन्सं बसल्या नाहीत. उभ्यानंच, अर्जात लिहून घेतलं होतं तेच सगळं सांगितलं, जवळपास त्याच शब्दांत. आजी ऐकत राहिल्या. ऐकता ऐकता एका हातानं नातीची कुंची सारखी करत होत्या.

"म्हणजे एकदम नाही गेली ती," त्या म्हणाल्या.

"नाही. हळूहळू गेली. आम्हाला दिसायला हवं होतं."

"मला म्हणाली होती, आई, थंडी वाजतेय. मी तिच्या अंगावर माझी शाल टाकली आणि पंखा बंद करून घेतला. वर्ष झालं, मी हेच म्हणतेय स्वतःला, की शाल टाकत बसण्यापेक्षा कोणाला तरी हाक मारायला हवी होती."

"हाक मारली होती तुम्ही," वन्सं म्हणाल्या. "दोनदा. मला आठवतंय. मी म्हटलं होतं, बाळंतपणानंतर वाजतेच थंडी."

आजींचा हात थांबला. "मारली होती?"

"हो. दोनदा."

बाळ पलंगावरून हात सोडून धपकन खाली बसलं आणि आमच्याकडे बघत राहिलं. मला वाटलं, आता या बाई वन्संना मारतील, नाहीतर गळ्यात पडतील. दोन्हीपैकी काही झालं नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही आता जा." आम्ही दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून विचारलं, "आता मोजता?"

"हो. वजन करतो."

"करा," आजी म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

जिना उतरताना मी वन्संचा दंड धरला. थंडगार होता. "बरं वाटतंय का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "काही वाटत नाहीये." चौकात त्यांनी साबण विकत घ्यायची आठवण करून दिली.

वॉर्डात आता प्रसूतीच्या खोलीत काटा आहे, भिंतीवर कोरड्या चादरीचं आणि पॅडचं वजन लिहून लावलंय. देखरेख संपून महिना झाला असेल, तेव्हा एका बाईचं तसंच बारीक धार धरून रक्त जायला लागलं. वन्संनी चादर काट्यावर ठेवली. कोरडीचं वजन वजा जाता सहाशे वीस. त्यांनी घंटी दाबली, डॉक्टर धावत आले, रक्त आलं, बाई चौथ्या दिवशी मूल घेऊन चालत घरी गेली. चष्मेवालीनं मला फोन करून हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. मी संध्याकाळी वन्संची वाट बघत बसले. कशाची वाट बघत होते कोण जाणे. त्या आल्या, पाय धुतले. मी म्हटलं, "कळलं मला." त्या म्हणाल्या, "हो, वाचली." आणि ताट घेतलं.

आता दर तिमाहीला त्या प्रशिक्षणात वन्संनाच शिकवायला बोलावतात. पहिल्यांदा नाही म्हणाल्या, मग गेल्या. टेबलं मांडतात, चादरी भिजवतात आणि शेवटी स्वतःची हकिगत सांगतात. एकदा मीही मागे जाऊन बसले होते. सांगून झाल्यावर पुढच्या रांगेतल्या एका पोरसवदा नर्सनं डोळे पुसत विचारलं, "ताई, हे दर वेळी सांगताना तुम्हाला काही होत नाही?"

वन्संनी जरा विचार केला. "नाही अजून," त्या म्हणाल्या. "झालं तर बघू. तू चिठ्ठीवर आकडा लिहिलास का? नुसता अंदाज नको, वजन करून लिही."